संक्रांतीचा स्नेह

हिंवाळा आपल्या प्रांतांत फारसा कडक नसतो. हिमालयाच्या पायथ्याशीं किंवा युरोपखंडांत थंडी जशी माणसाला चारचार महिने घरांत कोंडून घालते, तशी ती देशावर वा कोंकणांत घालीत नाहीं. तथापि मार्गशीर्षाच्या अखेरीपासून पौष संपेपर्यंत एक प्रकारचें मांद्य घरांत शिरतें, हें प्रत्येक गृहस्थाच्या अनुभवाचें आहे. सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं, संध्याकाळ लवकर होते, वृद्धांचे सांधे धरतात, ओठ व टांचा फुटतात, आणि त्वचेबरोबर स्वभावासही थोडासा रुक्षपणा येतो. पौषांत लग्नमुंजी नसल्यामुळें आप्तेष्टांचें जाणेंयेणेंही कमी असतें. नेमक्या अशा वेळीं आपल्या पूर्वजांनीं जो घरगुती विधि योजून ठेविला तो मकरसंक्रांतीचा होय. यास उपाध्याय लागत नाहीं, देवळांत जावें लागत नाहीं. स्वयंपाकघर, माजघर आणि फार तर अंगण एवढ्यांत तो सारा पार पडतो. या विधीचें मूळ प्रयोजन काय, आणि आजच्या घरांत तो पाळावयाचा तर कोणत्या बुद्धीनें पाळावा, याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे अशी आमची इच्छा आहे.

प्रथम आकाशांतील गोष्ट पाहूं. संक्रांति म्हणजे संक्रमण, एका स्थानांतून दुसऱ्या स्थानांत जाणें. सूर्याचीं अशीं संक्रमणें वर्षांतून बारा होतात; त्यांतील मकर राशींतील प्रवेशास आपण सणाचा मान दिला, कारण प्राचीन काळीं उत्तरायणाचा आरंभ आणि हें संक्रमण एकाच सुमारास होत असे. आज तसें राहिलेलें नाहीं. उत्तरायणास खरा प्रारंभ होतो २१ किंवा २२ डिसेंबरला, आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. या अंतराचें कारण अयनचलन. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें अतिमंद गतीनें डोलतो व त्यामुळें संपातबिंदु दरवर्षीं सुमारें ५० विकला मागें सरतो. म्हणजे सुमारें ७२ वर्षांत एक अंश. आपलें पंचांग तारकांशीं बांधलेलें असल्यामुळें इंग्रजी तारखांच्या हिशेबानें संक्रांत साधारण ७० वर्षांनीं एक दिवस पुढें जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजीं झाला, तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, ही गोष्ट पुष्कळांस माहीत असेल. पानिपतचा घोर संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, म्हणून तो संक्रांतीच्याच दिवशीं झाला असें अनेकजण समजतात. परंतु वरील गणित लाविलें तर त्या सालचें संक्रमण तीनचार दिवस आधींच होऊन गेलें असलें पाहिजे. ज्या घरांत टिळक पंचांग पाळतात तेथें तर आजही संक्रांत इतरांच्या चारपांच दिवस आधींच साजरी होते, कारण त्या पंचांगांत अयनांश निराळे धरिले आहेत.

यावर कोणी म्हणेल, उत्तरायण आधींच सुरू झालें असेल तर संक्रांतीस अर्थ काय राहिला? आमचें उत्तर असें कीं, गृहिणीच्या अनुभवाला अजूनही अर्थ आहे. पुण्यासारख्या ठिकाणीं २२ डिसेंबरनंतरही सूर्योदय उशिराउशिरानेंच होत जातो. जानेवारीच्या मध्यापर्यंत पहांटेचा काळोख हटत नाहीं. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनें, आणि संक्रांतीच्या सुमारास ती वाढ दहापंधरा मिनिटांची झालेली असते. दिवेलागणीची वेळ पुढें गेल्याचें घरांत प्रथम ध्यानांत येतें तें याच दिवसांत. ‘दिवस तिळातिळानें वाढतो’ असें आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया म्हणत आल्या आहेत. त्यांच्याजवळ घटिकायंत्र नव्हतें, परंतु निरीक्षण बिनचूक होतें.

आतां तीळच कां, हें पाहूं. तीळ हें आपल्या देशांतील अत्यंत जुन्या तेलबियांपैकीं एक. हडप्पा येथील उत्खननांत जळून कोळसा झालेले तीळ सांपडले आहेत. ‘तैल’ हा शब्दच मुळीं ‘तिल’ या शब्दापासून झाला. पुढें करडईचें काय, खोबऱ्याचें काय, सर्वच स्निग्ध रसास आपण तेल म्हणूं लागलों. या इवल्याशा बीजाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, आणि त्या तेलांत असे कांहीं स्वाभाविक गुण आहेत कीं, तें लवकर खवट होत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ऋतुचर्या सांगतांना थंडीच्या दिवसांत जठराग्नि प्रबळ होतो असें म्हटलें आहे, आणि त्यास साजेसें इंधन म्हणून स्निग्ध पदार्थ, दूधदुभतें, उसापासून होणारे पदार्थ, नवें धान्य व ऊन पाणी यांचा उपदेश केला आहे. अंगास तेल चोळावें, उन्हांत बसावें, असेंही सांगितलें आहे. तिळगूळ, गुळाची पोळी, तिळाचें उटणें, कढत पाण्याचें स्नान, अंगणांतील कोंवळें ऊन हा संक्रांतीचा सारा प्रपंच त्या उपदेशाशीं ताडून पाहावा. फरक फार थोडा निघेल. धर्मशास्त्रानें या महिन्यांतील षट्‌तिला एकादशीस तिळाचे जे सहा उपयोग सांगितले, स्नान, उटणें, होम, तर्पण, भोजन व दान, त्यांतील पहिले दोन शरीरास ऊब देणारे आहेत आणि शेवटचे दोन आपली ऊब दुसऱ्यास वांटून देणारे आहेत.

आणि येथेंच संस्कृत भाषेनें एक मोठी मौज करून ठेविली आहे. तेलातुपाच्या ओशटपणास संस्कृतांत ‘स्नेह’ म्हणतात, आणि माणसामाणसांतील मायेसही ‘स्नेह’च म्हणतात. वर्गांत हा शब्द शिकवितांना आम्ही मुलांस नेहमीं विचारीत असूं कीं, या दोहोंत सारखें काय? एकदां एका विद्यार्थ्यानें उत्तर दिलें, ‘गुरुजी, दोन्ही नसलीं कीं घर्षण होऊन आवाज होतो.’ त्याच्या उत्तराहून चांगलें भाष्य आम्हांला कोणत्याही टीकाग्रंथांत आढळलें नाहीं.

सणाचे दिवस तीन. पहिला भोगीचा. त्या दिवशीं पहांटे तीळ वाटून अंगास लावावे व डोक्यावरून न्हावें. स्वयंपाकांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, आणि भोगीची भाजी. या भाजींत वांगीं, गाजरें, पावट्याचे व हरभऱ्याचे ओले दाणे, बोरें, शेंगदाणे असें त्या हंगामांत शेतांत व बांधावर जें जें पिकलें असेल तें तें पडतें आणि वरून तिळाचें कूट. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण उगाच पडलेली नाहीं. दुसरा दिवस मुख्य संक्रांतीचा. काळ्या मातीचीं पांच लहान मडकीं आणून त्यांस हळदीकुंकवाचीं बोटें ओढावयाचीं, आंत उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरें, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या व तिळगूळ भरावयाचा, आणि पूजा करून तीं वाण म्हणून द्यावयाचीं. यांस सुगड म्हणतात. सु-घट या शब्दाचें हें मराठी रूप. जेवणांत गुळाची पोळी. गूळ किसून त्यांत तिळाचें कूट, तेलावर खमंग भाजलेलें डाळीचें पीठ व खसखस मिसळावी, वेलदोडा किंवा जायफळ घालावें, कणकेच्या दोन पाऱ्यांमध्यें त्या गुळाची गोळी ठेवून कडेपर्यंत लाटावी, आणि खरपूस भाजावी. ती ताजी खाण्यापेक्षां दुसऱ्या दिवशीं रवाळ तुपाबरोबर खाण्यांत अधिक गोडी आहे, असें आमचें साठ वर्षांच्या अनुभवाचें मत आहे. तिसरा दिवस किंक्रांतीचा. तो करिदिन मानून कोणतेंही शुभकार्य त्या दिवशीं करीत नाहींत.

तेथून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू आणि लहान मुलांचें बोरन्हाण चालतें. काळें झबलें व हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरें, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे व हलवा यांचा वर्षाव करतात, आणि भोंवतालचीं मुलें तीं वेंचण्यासाठीं एकच झुंबड करतात. एरवीं काळ्या वस्त्रास मंगल कार्यांत मज्जाव असतो. या एका सणास तें मुद्दाम नेसतात, कारण काळा रंग उष्णता शोषून घेतो. नव्या सुनेस काळी चंद्रकळा देण्याची चाल त्यामुळेंच पडली.

हलवा हा मात्र आतां बहुतेक घरीं विकतच येतो, म्हणून तो कसा होतो हें तरुण वाचकांस सांगणें अवश्य वाटतें. साखरेचा पाक करतांना त्यांत थोडें दूध घालून मळी काढावी व पाक स्वच्छ गाळून घ्यावा. परातींत तीळ किंवा खसखस पसरून ती परात मंद निखाऱ्यावर ठेवावी, चमचाभर पाक सोडावा, आणि बोटांनीं दाणे सतत खालींवर फिरवीत राहावें. तो पाक सुकला कीं पुन्हां चमचाभर. विस्तव अधिक झाला तर साखर विरघळते, कमी झाला तर दाणे एकमेकांस चिकटतात. असें रोज दोनतीन तास, कित्येक दिवस केलें म्हणजे दाण्यावर कांटा उभा राहतो. हवेंत कोरडी थंडी असेल तरच हें साधतें; म्हणून हलवा पहांटेच करावयाचा.

आमच्या घरीं हें काम वडिलांच्या आत्या करीत. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असूं. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांतली ही हकीकत आहे. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें व अकराव्या वर्षीं त्या माहेरीं परत आल्या होत्या. त्यानंतरचें सारें आयुष्य त्यांनीं भावाच्या व भाच्याच्या घरीं काढलें. मार्गशीर्ष सरत आला कीं पहांटे चार वाजतां त्यांची शेगडी पेटे. थंडीनें जाग आली म्हणजे आम्ही मुलें घोंगडीसकट त्या शेगडीपाशीं जाऊन बसत असूं. त्यांच्या बोटांच्या टोंकांवरची कातडी भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. घरांतील प्रत्येक नव्या सुनेचा हार, बिंदी, वाक्या व बाजूबंद, प्रत्येक नातवंडाचा मुकुट व बांसरी त्यांनीं ओवली. हलव्यास त्यांच्या हातचा कांटा यावा असें सबंध गल्लींत म्हणत असत.

हळदीकुंकवाच्या दिवशीं मात्र त्या मागच्या पडवींत बसत. माजघर सुवासिनींनीं भरून जाई, अत्तराचा वास पडवीपर्यंत येई, आणि आत्याआजी दाराआडून हलव्याचीं ताटें पुढें सारीत. एके वर्षीं आम्हीं त्यांना विचारलें, ‘आत्याआजी, तूं पुढें कां येत नाहींस?’ त्या म्हणाल्या, ‘शेगडी विझेल रे बाळ.’ वास्तविक हलवा आठ दिवसांपूर्वींच बरण्यांत भरून झाला होता आणि शेगडी कोनाड्यांत उपडी पडली होती. त्या वयांत आम्हांला एवढेंच उमजलें कीं, या प्रश्नाचें खरें उत्तर कोणी देणार नाहीं. संक्रांतीची सारी ऊब ज्या हातांनीं तयार केली, त्या हातांवर तिळगूळ ठेवावयास त्या दिवशीं कोणी नसे.

पुढें १९९४ सालीं आमचे वडील वारले. त्या वर्षाची संक्रांत सुतकी मनानेंच गेली. दुसऱ्या वर्षीं हळदीकुंकवाच्या दिवशीं आमच्या मातोश्री आपण होऊन त्याच पडवीकडे निघाल्या, तेव्हां आमच्या सौभाग्यवतीनें त्यांचा हात धरून पाटावर बसविलें. मातोश्री म्हणाल्या, ‘अगं, बायका काय म्हणतील?’ ती म्हणाली, ‘आई, तिळगूळ तुमच्या हातचा आहे. आधीं तुम्ही घ्या, मग बाकीच्या.’ आणि भरल्या माजघरांत तिनें पहिलें कुंकू सासूस लाविलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु आमच्याकडे नेहमीं येणाऱ्या दोघीजणी पुढच्या वर्षीं आल्या नाहींत. तिसऱ्या वर्षीं त्यांपैकीं एक आली, आणि येतांना आपल्या विधवा जावेस बरोबर घेऊन आली. मातोश्रींनीं त्या बाईच्या ओंजळींत तिळगूळ घातला तेव्हां ती कितीतरी वेळ ओंजळ तशीच धरून उभी होती.

ही गोष्ट आम्ही आमच्या घराची थोरवी सांगण्यासाठीं लिहीत नाहीं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. तथापि हळदीकुंकवाच्या उंबरठ्यावर कायदा पोंचत नाहीं. तेथें पोंचते ती घरांतील वडीलधारी स्त्री किंवा धीट सून. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें विधवांस अवमान करणाऱ्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र शासनानें इतर ग्रामपंचायतींनीं त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. एक लहान गांव जें करूं शकलें, तें आपणांस, जे पिढ्यान्‌पिढ्या विद्येचा वारसा सांगतात त्यांस, अवघड कां वाटावें? कोणी म्हणतील, हा सौभाग्याचा विधि आहे. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, संक्रांत ही सूर्याची आहे, आणि सूर्यानें ऊन देतांना कोणाचें कपाळ पाहिल्याचें ऐकिवांत नाहीं.

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हें वाक्यही आतां नुसत्या शिष्टाचाराचें झालें आहे. ज्यांच्याशीं आपण वर्षभर गोडच बोलतों, त्यांनाच आपण तें म्हणतों. आणि आतां तर दूरध्वनीवरून एकाच क्षणीं शंभर जणांस एकच चित्र धाडून मोकळे होतों. मूळ योजना अशी नव्हती. वर्षांतून एक दिवस असा ठेविला कीं, ज्या घराशीं अबोला आहे त्या घराच्या पायऱ्या, कारण न सांगतां, क्षमा न मागतां, चढतां याव्या. आमच्या गल्लींत दोन सख्ख्या भावांचें वाटणीवरून सात वर्षें बोलणें बंद होतें. मधल्या भिंतीस दार असून त्यास खिळे मारले होते. एका संक्रांतीस धाकट्याची नात डबी घेऊन थोरल्याकडे गेली. तिला कोणी शिकवून पाठविलें नव्हतें. ती सगळ्याच घरीं जात होती. थोरल्यानें डबींतला तिळगूळ घेतला आणि डबी रिकामी कशी पाठवावी म्हणून स्वतः ती परत द्यावयास गेला. खटला मिटावयास पुढें दोन वर्षें लागलीं, परंतु बोलणें त्या दिवशीं सुरू झालें.

परदेशीं गेलेल्या आपल्या मुलांनींही हा सण सोडलेला नाहीं. अमेरिकेंतील व कानडांतील मराठी मंडळें जानेवारींतील एखादा शनिवार किंवा रविवार गांठून तो साजरा करतात. बाहेर गुडघाभर बर्फ असतांना आंत तिळगूळ वांटला जातो, तेव्हां या विधीचा अर्थ येथल्यापेक्षां तेथेंच अधिक उघड होत असेल, असें आम्हांस वाटतें.

असो. येत्या संक्रांतीस वाचकांनीं फार कांहीं करावें असें आमचें म्हणणें नाहीं. हलवा घरीं करणें सर्वांस जमणार नाहीं; पण तिळाचे लाडू तरी घरीं वळावे. चिक्कीचा गूळ आणावा, पाकाचा थेंब पाण्यांत टाकून त्याची गोळी होते कीं नाहीं तें मुलांना पाहूं द्यावें, आणि पाक गरम असतांच तूपपाण्याचा हात लावून घरांतील सर्वांनीं, पुरुषांनींसुद्धां, लाडू वळावयास बसावें. तळहात भाजतील, त्यास इलाज नाहीं. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वांटण्याऐवजीं पसाभर तीळ, गुळाचा खडा किंवा एखादें लहानसें पुस्तक द्यावें. हळदीकुंकवास बोलावणें करतांना ज्या स्त्रीचें नांव आजवर यादींत घातलें नाहीं तिचें नांव सर्वांच्या वर लिहावें; आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, समोरच्या घरांतील एकटी राहणारी म्हातारी, स्वतःची वहिनी किंवा आत्या, कोणीही असो. आणि दुपारीं उन्हें कलण्यापूर्वीं एक लाडू खिशांत टाकून, ज्या घरीं जाणें बरेच दिवस राहून गेलें आहे तेथें जाऊन यावें. त्या दिवशीं संध्याकाळ थोडी उशिरा होते. तेवढ्या वेळांत हें काम सहज उरकतें.